पाणी पिणारे मासे

१२ जानेवारी

गळवाल्यांनी आमच्या लाकडी माशांचं खोकं परत पाठवलं. हे गेल्यानंतर ठकीनं आणि मी मिळून केलेली ही पहिली खेप, आणि अख्खीच्या अख्खी घरी आली. संध्याकाळी त्यांच्या दुकानात फोन केला तर म्हणाले, "वहिनी, मासे दिसायला झकास आहेत. पण पाणी पितात. दोनदा तळ्यात टाकले की फुगतात, पाठ उकलते, रंगाचे पापुद्रे निघतात. गिऱ्हाईक माझ्या नावानं शंख करतं."

मी म्हटलं, लाकडाचा मासा तळ्यात टाकल्यावर पाणी नाही पिणार तर काय चहा पिणार? ते हसले नाहीत. ह्यांच्या हातचे मासे वर्षानुवर्षं पाणी पीत नव्हते, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

त्यांच्या दुकानात दारासमोरची एक फळी ह्यांच्या माशांची आहे. मोठा मासा गळाला लावायचा तर हाच खोटा मासा दोऱ्याला बांधायचा, असं तळ्यावरची माणसं मानतात. गळवाले म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत वाट बघतो, तोवर जमलं नाही तर तिथे कारखान्यातले प्लास्टिकचे लावतो. ठकी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं खोकं उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवलं.

ही वही आज सुरू केली. बोलायला माणूस होतं तोवर वहीची गरज पडली नाही. ठकीशी बोलता येतं, पण पोटच्या पोरीसमोर रोज रोज काय रडायचं. चष्म्याच्या दुकानातली चांगली नोकरी सोडून ती घरी आली. बाबांचं काम चालू राहावं म्हणून आले, असं म्हणते. कशासाठी का असेना, आली. आता मासे टिकले नाहीत तर ती तरी कशासाठी टिकेल, हा विचार दुपारपासून डोक्यातून जात नाही.

१६ जानेवारी

चूक कुठे होते ते शोधायचं म्हणून ठकीनं मला एकेक पायरी बोलून दाखवायला लावली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून तिला हा चिकटपणा आलाय.

बाल्साचं लाकूड इतकं हलकं नि मऊ की नख लावलं तरी खूण उठते. त्याचा बोटभर मासा कोरायचा. पोटाला चीर पाडून आत तार आणि शिशाचा तुकडा बसवायचा, चीर बुजवायची. हनुवटीखाली प्लास्टिकची जीभ खोवायची, ती त्याला पाण्यात डोलायला लावते. मग माझं काम, रंग, खवले, डोळे. आणि सगळ्यात शेवटी वरून लॅकरचा पारदर्शक लेप. कोरणं आणि लॅकर ह्यांचं, मधलं रंगकाम माझं, अशी आमची वाटणी होती. कोरणं ठकीच्या हातात उपजतच आहे. लॅकरच्या वेळी मात्र ह्यांनी मला कधी आत येऊ दिलं नाही. "तुझा हात रंगाला. हा वास तुला नको," म्हणायचे.

परत आलेले मासे ठकीनं बादलीत बुडवून ठेवले आणि वर ताटली दाबली. सकाळी पाहिलं तर हनुवटीपाशी बारीक बुडबुडे. म्हणजे जीभ खोवलेल्या जागेतून पाणी आत शिरतं. एकाची पाठ तर पावासारखी फुगली होती. मी एवढ्या निगुतीनं काढलेले खवले चिमटीत सुटून आले. ठकी म्हणाली, "आई, तू ह्या माशांना डोळे फार सुंदर काढतेस. बिचारे बुडताना सगळं बघत असतील."

हसले. पण मागच्या खोलीत जाऊन नाक पुसून आले.

२५ जानेवारी

लॅकरचे हात वाढवून पाहिले. एकावर एक, एकावर एक, मासा काचेच्या बाटलीसारखा चकचकीत झाला. बादलीत रात्रभर राहिला तरी थेंब आत नाही. मला वाटलं, जिंकलो. दोघी तळ्यावर गेलो. ठकीनं दोऱ्याला बांधून लांब फेकला आणि ओढत आणला. मासा सरळ रेषेत आला. ना डोलणं, ना शेपटीचा झटका.

"हा कुठं पोहतोय?" ठकी म्हणाली. "हा तर ऑफिसला निघालाय."

लॅकर जाड झालं की मासा जड होतो, आणि जड झाला की त्यातला जीव जातो. बाल्सा वापरायचं ते हलकेपणासाठीच. पातळ दिलं तर पाणी पितो, जाड दिलं तर मरतो. ह्यांनी यातला मधला रस्ता कसा काढला होता, देव जाणे. तिन्हीत्रिकाळ समोर होतं माणूस, एकदा विचारायला काय झालं होतं मला?

४ फेब्रुवारी

मास्तर आले होते. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, आता तळ्याकाठी छत्री लावून दिवस काढतात. खिशातून त्यांनी रुमालात बांधलेला मासा काढला. ह्यांनी केलेला, फार वर्षांपूर्वीचा. खऱ्या माशांच्या दातांच्या खुणांनी अंगभर चाळण झालेली, एक डोळा गेलेला, पण पाठ सरळ, पोट कोरडं. "वहिनी, याच्यावर माझा जेवढा भरवसा आहे तेवढा स्वतःच्या गुडघ्यांवर नाही," म्हणाले.

ठकीनं भिंगाखाली धरून तो इकडून तिकडे पाहिला. मास्तरांचा जीव वरखाली. "कापणार नाहीस ना गं?" असं दोनदा विचारलं त्यांनी. कापायची वेळच आली नाही. ठकी म्हणाली, "लॅकर नाकापासून शेपटीपर्यंत सारखं आहे. आपलं लॅकर ओघळून शेपटीला जमा होतं आणि हनुवटीला काही उरतच नाही. बाबांचं का नाही ओघळलं?"

आणि मला एकदम चाक आठवलं. मागच्या खोलीच्या भिंतीला सायकलचं जुनं चाक ठोकलेलं आहे, कडेला कपड्यांचे चिमटे लावलेले. हे गेल्यावर मी ते भंगारात काढणार होते, राहून गेलं. त्या चिमट्यांत ते ओले मासे लावायचे आणि चाक हळूहळू हातानं फिरवत बसायचे, लॅकर आळेपर्यंत. म्हणून ओघळ नाही. ओल्या लॅकरवर धूळ बसू नये म्हणून दार-खिडकी बंद. दाराखालच्या फटीत मी बाहेरून ओलं गोणपाट लावायचे, तेवढंच त्या कामात माझं. बाहेर आले की डोळे लाल, चेहरा ओढलेला, आणि मी चहा घेऊन उभी. मला वाटायचं, ह्यांना जरा एकटं बसायला आवडतं.

ठकीनं मला मिठीच मारली. मास्तर म्हणाले, "आता माझा मासा द्या."

१० फेब्रुवारी

आज चाकावर पहिली खेप लावली. ठकीनं खिडकीच्या फटींना कागद चिकटवला, मी गोणपाट चांगलं भिजवून, पिळून दाराखाली सारलं. आत चाकाची किरकिर ऐकू येत होती. मी बाहेर पाटावर बसून ती ऐकत राहिले. डोळे मिटले तर आत कोण आहे ते कळू नये इतकी तीच किरकिर.

ठकी बाहेर आली तेव्हा डोळे लालभडक. खोकत खोकत हसत होती. "डिट्टो बाबा दिसतेय ना?" म्हणाली. चहा प्यायला माझ्याजवळ बसली, दमून खांद्यावर डोकं टेकलं, आणि तिच्या केसांना ह्यांचा वास आला. थेट ह्यांचा. मला इतकी वर्षं तो वास त्यांच्या अंगाचाच वाटायचा. मी तिचं डोकं तसंच धरून ठेवलं, आणि आज मात्र पोरीसमोर रडले.

१५ फेब्रुवारी

बादलीत मासे कोरडेठाक. तळ्यात टाकले तर असे डोलत आले की काठावरचा एक जण जाळं घेऊन धावला. ठकीनं ओल्या हातांनीच माझी पाठ थोपटली. जीव भांड्यात पडला.

२७ फेब्रुवारी

गळवाले स्वतः घरी आले. नवे मासे विकले गेले आणि एकही तक्रार नाही. फळी आमचीच राहणार. "पोरीनं बापाचा हात उचललाय," म्हणाले. ठकी इतकी लाजली की काडेपेटी शोधायच्या निमित्तानं आत निघून गेली.

आता आठवड्याला दोनदा चाक लावायचं असं ठरलं आहे. ती राहणार. मला मोठ्यानं बोलून दाखवायची भीती वाटते, पण इथे लिहिते, ती राहणार.

तिला थोडा खोकला झालाय. वाफ घ्यायला लावली.

९ मार्च

खोकला काही हटत नाही. दिवसा बरी असते, चाकाच्या दिवशी दमते त्यामुळे संध्याकाळी वाढतो. तिला म्हटलं, एवढी राबू नकोस. तर म्हणे, "बसून चाक फिरवायचं, त्यात कसलं राबणं?" मी फिरवते म्हटलं तर ऐकत नाही. "तुझा हात रंगाला," म्हणते, अगदी ह्यांच्या थाटात.

१८ मार्च

वन्संकडे जाऊन आलो. ह्यांची एकुलती बहीण, त्यांना ठकीला डोळे भरून बघायचं होतं. डोंगरावरचं घर, कोरडी हवा. ठकीचा खोकला तिथे जो पळाला तो परत यायचं नाव नाही. जिने चढली, वन्संच्या नातवंडांबरोबर धावली. वन्सं जुन्या गोष्टी सांगत बसल्या. हे लहानपणी विहिरीत बुडी मारायचे आणि इतका वेळ वर यायचे नाहीत की काठावर रडारड सुरू व्हायची. मग दुसऱ्याच कोपऱ्यातून तोंड बाहेर काढून वेडावून दाखवायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

इथे आलो, दुसऱ्या दिवशी चाक लावलं, आणि संध्याकाळी खोकला हजर. माझी खात्री पटली. या तळ्याची ओल तिला बाधते. ह्यांचंही तेच झालं होतं, शेवटी दम्यानंच गेले. दमा म्हणजे ओलीचा आजार, दुसरं काय.

२३ मार्च

मी काही हातावर हात ठेवून बसणारी नाही. मागच्या खोलीच्या खिडकीला जाड कापडाचा दुहेरी पडदा शिवला. कौलाखालच्या फटी बोळे कोंबून बुजवल्या. आत एक छोटा हीटर ठेवला. तळ्याच्या ओलीची आता आत शिरायची टाप नाही. ठकी म्हणाली, "आई, मला पार लोणच्यासारखं बंद करून ठेव बरणीत."

एवढं करून मला शांत झोप लागली.

६ एप्रिल

आज फार वाईट वाटलं. ह्यांच्या कपाटाच्या खणात मी त्यांचा दम्याचा पंप तसाच ठेवला होता, चष्म्याशेजारी. तो जागेवर नव्हता. ठकीच्या उशीखाली सापडला. किती दिवस वापरत होती कुणास ठाऊक, तारीखसुद्धा उलटून गेलीय त्याची. मी चिडले, नको नको ते बोलले. ती दाराची चौकट धरून उभी होती, खांदे वर उचललेले, मान पुढे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा असेच उभे राहायचे ना गं?"

हो. अगदी असेच. रक्तातच उतरतं म्हणतात. नाक घेतलं, हात घेतला, आता हेही घेतलं बापाकडून. उद्या दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणते, ही खेप होऊ दे, गळवाल्यांना शब्द दिलाय.

मी ऐकलं तिचं. होऊ दे म्हटलं.

११ एप्रिल

काल चाक थांबल्याचा आवाज आला. म्हणजे किरकिर थांबली. मला वाटलं झालं काम, चहा टाकला. दार उघडेना म्हणून हाक मारली. आत गेले तर ती जमिनीवर बसलेली, ओठ निळे, बोलायचा प्रयत्न करतेय आणि शब्दच फुटत नाही. शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. वाटेत तिनं माझं मनगट असं धरलं होतं की आज तिथे हिरवं-निळं झालंय. धरू दे. तोडून घेतलं असतं तरी चाललं असतं.

आता नाकात नळी लावून झोपली आहे. श्वास चालू आहे. मी एवढंच बघत बसले आहे.

१३ एप्रिल

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, ठकीहून थोड्याच मोठ्या असतील. पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, ही काय काम करते? मी सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच सांगितलं. मासे कसे करतो, बाल्सा कसं असतं.

"वरून काय लावता?"

"मोटारींना मारतात ते लॅकर. दोन डबे येतात. मोठ्यात लॅकर, छोट्यात हार्डनर. एकत्र केलं की दगडासारखं होतं, पाणी शिरत नाही."

"खोलीला खिडकी आहे?"

"आहे की. पण बंद असते. धूळ बसते ना. फटीसुद्धा बुजवल्यात मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि ते वाळेपर्यंत ही आत बसते?"

"चाक फिरवायला कुणीतरी लागतंच."

"बाहेरगावी गेलात की हिला बरं वाटतं का?"

"अगदी. आत्याकडे ठणठणीत होती. तळ्याची ओल बाधते तिला."

"काकू," बाई म्हणाल्या, "तळ्याचा काही दोष नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्या छोट्या डब्यातलं जे हार्डनर आहे त्याची वाफ. सगळ्यांनाच बाधते असं नाही, पण एकदा छातीला बाधली की मग जराशी वाफही पुरते. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. घरात डबे असतील तर घरातही नाही. वेळेवर आणलंत, असं दोनदा म्हणाल्या. मला ते ऐकवत नव्हतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? मी ह्यांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ठकी नाकात नळी असतानाच म्हणाली, "नाही. कुणालाच नाही." औषधाच्या गुंगीत असेल. आजारी माणसाला कुठे खोडून काढायचं, म्हणून मी गप्प बसले.

१७ एप्रिल

कपडे न्यायला घरी आले. मागच्या खोलीत गेले. काढायला गेले तर माझाच पडदा निघेना, खिळे मीच घट्ट ठोकलेले. ओढून फाडला. कागद नखांनी खरवडला आणि खिडकी सताड उघडली. किती वर्षांनी उघडली कुणास ठाऊक, बिजागरी गंजून गेली होती.

चाकावर अर्धवट खेप तशीच. मधेच थांबल्यामुळे लॅकर ओघळून प्रत्येक माशाच्या शेपटीला थेंब लटकलेला, तिथेच घट्ट झालेला. छोटा डबा उघडा होता. झाकण लावलं. मग ह्यांच्या स्टुलावर बसले.

वन्संकडे गेलं की हेही बरे असायचे. मीच थट्टा करायचे, बहिणीच्या घरी नाटकं बंद होतात वाटतं तुमची. परत आलो की दोन दिवसांत सुरू.

गोणपाट दारापाशी पडलं होतं. वाळून कडक झालं होतं. थंड पाण्यात भिजवायचं, ठिबकू नये इतपत पिळायचं आणि फटीत असं दाबायचं की वाऱ्याची झुळूकही आत जाऊ नये. माझ्याइतकं ते कुणाला जमलं नसतं. हे आतून म्हणायचे, "झकास बसलं."

पुढचं लिहीत नाही.

२४ एप्रिल

ठकीला सोडलं. घरी आणलंच नाही, दवाखान्यातून परस्पर वन्संकडे नेलं. गाडीत आमची कडाक्याची जुंपली. तिचं म्हणणं, मास्क लावीन, अंगणात करीन, चाक बाहेर काढू. इतकं जमत आलेलं सोडायचं कसं? बाबांचं नाव पुसलं जाईल. मी म्हटलं, जाऊ दे पुसलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला बाबांचं काहीच वाटत नाही का?" असं विचारलं तिनं मला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

डबे मी मोटारी रंगवणाऱ्याला देऊन टाकले. त्यालाही सांगितलं, दार उघडं ठेवून काम कर बाबा. तो म्हणाला, मावशी, धूळ बसते. मी त्याच्याशी इतक्या जोरात भांडले की रस्त्यावर माणसं जमली.

११ मे

घरात बोलायला भिंती आहेत. दोन माणसांचा भात टाकते आणि मग आठवतं.

गळवाल्यांना कळवून टाकलं होतं. आज त्या बाजूनं गेले तर फळीवर प्लास्टिकचे मासे ओळीनं लावलेले. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. गळवाले बिचारे चहा पाजायला बघत होते. मास्तर तिथेच भेटले. सवयीनं खिशातून रुमाल काढला आणि तो मासा मला दाखवून म्हणाले, "बघा वहिनी, काल पुन्हा एकाच्या जबड्यातून सहीसलामत परत आला. त्यांनी केलेलं काही मरत नाही."

मला त्या माशाचा इतका राग आला की वाटलं, हिसकावून घ्यावा आणि पायाखाली चिरडावा. पण मास्तरांच्या चेहऱ्यावर केवढं कौतुक होतं. त्यांनी काय कुणाचं वाईट केलंय? मी म्हटलं, "जपून ठेवा," आणि घरी आले.

ठकीचा फोन दोन-तीन दिवसांआड येतो. बोलते, पण तुटक. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात विचारलंय म्हणे.

२९ मे

वन्संचा सकाळी फोन होता. म्हणाल्या, ठकी आता डोंगर चढून-उतरून येते, पंप लागत नाही. मग म्हणाल्या, "वहिनी, तू जेवत नाहीस, झोपत नाहीस, असं शेजारच्या कळवतात. ठकीला पण सांगितलंय मी." मी म्हटलं, शेजारच्यांना दुसरे धंदे नाहीत.

मी जेवते. झोप येत नाही हे खरं. डोळे मिटले की ती किरकिर ऐकू येते आणि मी दाराच्या अलीकडे असते.

संध्याकाळी ठकीचा फोन आला. आज आवाज निराळा होता, मऊ. इकडचं तिकडचं बोलली. नोकरी लागली. आत्या फार खायला घालते. मग म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं राहूनच गेलं. बाबांना दमा लहानपणापासूनच होता बरं का. आजी सांगायची मला. मांडीवर घेऊन सांगायची, तुझ्या बापाची छाती पहिल्यापासूनच नाजूक. त्यामुळे त्यांचं वेगळं आणि माझं वेगळं. त्या खोलीचा आणि त्यांचा काही संबंध नाही. मी डॉक्टरांनाही विचारून घेतलं."

सासूबाई गेल्या तेव्हा ठकी रांगत होती. मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पाणी गरम करत होते आणि ही भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती, पहिल्यांदाच. तो दिवस मी कशी विसरेन? पण तिला कुठून माहीत असणार ते.

फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मोकळा, सारखा. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "हो गं. मलाही म्हणाल्या होत्या एकदा. मीच विसरले होते."

"बघ," ती म्हणाली. "मग आता झोपशील ना?"

"झोपते," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"